आत बसलेली माणसं

माझी थोरली बहीण एका बंद, थंडगार खोलीत चाळीस यंत्रं सांभाळते. बाहेर ऊन असो वा नसो, तिथे अंगात स्वेटर घालूनच बसावं लागतं. ताईला विचारलं की तुझं काम काय, तर ती म्हणते, "गर्दी वाटून देते." एवढंच. घरात मात्र चमचे मोजून ठेवणारी, आईच्या गोळ्या रोज दोनदा मोजणारी अशी ही बाई, आणि आम्ही तिला चिडवायचो की झोपेतसुद्धा उशा मोजतेस.

तिचं काम मला त्या दिवसानंतर नीट कळलं, आणि कळायला नको होतं असं अजून वाटतं.

सरकारी फॉर्म भरायला हजारो माणसं एकदम आली, की त्यांना त्या चाळीस यंत्रांवर, म्हणजे सर्व्हरांवर, वाटून द्यायचं काम आणखी एक यंत्र करतं. ताईच्या खोलीत त्याला सगळे मुकादम म्हणतात. मुकादम दर दोन-तीन सेकंदांनी प्रत्येकाला विचारतो, तुझ्यावर किती भार आहे? ज्याच्यावर कमी, त्याच्याकडे नवा माणूस पाठवतो. आणि कोण कुठे बसलंय याची यादी ठेवतो. अर्धा भरलेला फॉर्म त्या एकाच सर्व्हरकडे असतो. यादी गेली, की माणूस पुढच्या पानाला भलत्याच दारात जाऊन पडतो आणि त्याचा फॉर्म कोरा होतो. म्हणून शेजारी एक धाकटा मुकादम असतो. तो काम करत नाही, फक्त दर दहा सेकंदांनी थोरल्याच्या यादीची नक्कल घेत राहतो. थोरल्याने मान टाकली तर हा उठतो.

त्या दिवशी नर्सिंगच्या कोर्सचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. पाचला मुदत संपणार. मी वृद्धाश्रमात आया आहे, नऊ वर्षं झाली. माझं पस्तिसावं सरत आलं होतं आणि पस्तीस पूर्ण झाली की तो कोर्स मिळत नाही. अनुभवाचा दाखला आमच्या व्यवस्थापकांनी साडेतीनला हातात ठेवला, तोही मी तीन आठवडे त्यांच्या मागे लागल्यावर. चारला मी फोन घेऊन औषधांच्या कपाटाशेजारी स्टुलावर बसले. पडद्यावर एकच ओळ: गर्दी आहे, कृपया थांबा.

सव्वाचारला मी ताईला फोन लावला. "ताई, मला आत घे ना."

"रांगेत आहेस ना? मग थांब."

"अगं, तुझ्या हातात आहे ना ते!"

"हातात आहे म्हणूनच नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिथे मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुढचं सगळं मला तिनेच सांगितलं, एकही शब्द स्वतःच्या बाजूने न वळवता. थोरला मुकादम अडखळत होता. भार विचारायचा, पण उत्तर ऐकेपर्यंत जुनं व्हायचं, आणि भरलेल्या सर्व्हरवरच आणखी माणसं ढकलायचा. तिचे साहेब मागे येऊन उभे राहिले. "धाकट्याला पुढे करा. वाट कसली बघताय?"

ताईने धाकट्याची यादी उघडली. शेवटची नक्कल दुपारी बारा वाजून दहा मिनिटांची होती.

तिनेच थांबवली होती. दुपारी गर्दी वाढली तेव्हा थोरल्याचं ओझं हलकं करायला, फक्त दहा मिनिटांसाठी. काहीही तात्पुरतं बंद केलं की ताई घड्याळ डाव्या हातातून उजव्या हातात बांधते. ते टोचत राहतं आणि काम आठवतं. कित्येक वर्षांत एकदाही चुकली नव्हती. त्या दिवशी डबा खाऊन हात धुतले आणि घड्याळ सवयीने डाव्या हातात बांधलं.

"साहेब, नक्कल मी बंद ठेवली होती. चालू करायची विसरले. आत्ता बदललं तर आत बसलेल्या सगळ्यांचे फॉर्म कोरे होतील."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "हे तुम्ही मला सांगितलं नाही आणि मी ऐकलं नाही. यंत्र बंद पडलं म्हणू. बदला."

यंत्रं बंद पडतातच, कुणी विचारलं नसतं. तिची नोकरी शाबूत राहिली असती. आणि तेव्हा बदललं असतं तर आतले सगळे उठून जागा मोकळी झाली असती आणि साडेचारला मी आत असते. हे तिला तिथे उभं असतानाच कळलं होतं, हेही तिने सांगितलं. सांगायची काय गरज होती?

"वीस मिनिटं दार बंद करते," ती म्हणाली. "नवा माणूस आत नको. तेवढ्यात यादी हळूहळू उचलते, एकदम उचलली तर थोरला मान टाकेल. मग बदलू. माझा खुलासा लेखी घ्या."

चार तेहतीसला माझ्या पडद्यावरची ओळ बदलली: प्रवेश तात्पुरता बंद. मी फोन हलवला, झटकला, वेड्यासारखा खिडकीजवळ नेला. आश्रमातले आजी-आजोबा चहासाठी हाका मारत होते आणि मी जागची हलले नाही. इकडे माझा जीव टांगणीला आणि तिकडे ती एकेक नाव धाकट्याच्या पदरात टाकत होती. थोरला दोनदा गप्प झाला, दोनदा परत बोलला. चार त्रेपन्नला तिने बदल केला. आतल्या कुणालाही काही कळलं नाही. पान फिरायला जरा वेळ लागला, इतकंच.

दार उघडलं. चार पंचावन्नला मी आत गेले. फॉर्म अकरा पानांचा. सहाव्या पानावर दाखला जोडत होते तेव्हा पाच वाजले.

संध्याकाळी ताई आली ती चपला न काढताच दारात उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मी तिच्याकडे बघितलं नाही. आई आतून विचारत होती, काय झालं गं?

"एकोणीसशे बारा," ताई म्हणाली.

"काय?"

"आत बसलेली माणसं. एकाचाही फॉर्म कोरा झाला नाही."

"आणि बाहेर किती होते?"

चमचे मोजणारी, गोळ्या मोजणारी माझी बहीण. "बाहेरच्यांची यादी नसते गं," ती म्हणाली. "आत आल्याशिवाय मुकादम कुणाला मोजत नाही."

"एक मोज," मी म्हणाले.

तिने डाव्या हातातलं घड्याळ सोडलं आणि उजव्या हातात बांधलं. तेव्हापासून ते तिथेच आहे.