फवारलेल्या वाफ्यातली सात फळं

बल्लारपूरला आमच्या क्वार्टरच्या मागे दोन खाटा मावतील एवढी जागा आहे. तिथे मी नोव्हेंबरात स्ट्रॉबेरीची बारा रोपं लावली. इथल्या उन्हात ती जगणार नाहीत असं सगळेच म्हणाले, पण फेब्रुवारीत फळं धरली. मग पानांखाली लाल कोळ्यांची कीड दिसली, म्हणून कृषी केंद्रातून औषध आणलं. दुकानदाराने बजावलं होतं, "ताई, फवारल्यावर आठ दिवस फळ खायचं नाई."

पिकलेली सात फळं आधी तोडून घ्यायची, हे माझ्या डोक्यातूनच गेलं. सकाळी फवारलं, नवरा ड्यूटीवर गेला, मी कपडे धुवायला बसले. तासाभराने मागे पाहिलं तर सातही लाल फळं नव्हती. कडेला नुसते हिरवे देठ पडले होते. पाखरं असे देठ खुडून ठेवत नाहीत.

घरात सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. दोन वर्षांपासून त्यांना घडीभरापूर्वीचंही आठवत नाही. त्यांच्या बोटांची टोकं लाल होती.

"आई, वाफ्यातली फळं खाल्ली का तुम्ही?"

"कोन्ती फळं? मी तं इथीच बसून राह्यली."

मी त्यांचे हात धुतले, चूळ भरायला लावली, औषधाची बाटली पिशवीत टाकली आणि ऑटो बोलावला. डॉक्टरांनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं, नाडी पाहिली आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्यातच थांबायला सांगितलं. मी त्यांच्या छातीकडे बघत बसले. त्यांना ढेकर आला तरी नर्सला हाक मारत होते.

"आपून इथी काऊन आलो वं?" त्या दर थोड्या वेळाने विचारायच्या.

"तुमची तब्येत दाखवायला."

एकदा त्यांनी माझा हात धरला. "तू काऊन रडून राह्यली? कोनी बोललं का तुले?"

मी डोळे पुसले आणि त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

त्यांना काही झालं नाही. पाच वाजता डॉक्टरांनी घरी सोडलं, दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाले. मी आठ दिवस ठेवलं. नवऱ्याने विचारलं, "फळं आधी तोडली नव्हती का?"

"तोडली होती. दोन-चार राहिली असतील," मी म्हणाले.

खरं अजून सांगितलेलं नाही. रोपं मार्चच्या उन्हात गेली, मी पुन्हा लावली नाहीत. मागच्या दाराला मात्र आता कडी असते. सासूबाई दुपारी येऊन ती हलवून बघतात, आणि मी हातातलं काम टाकून उठते.