पंचनाम्यातली विडी

वळसंगच्या पुढे जो सरकारी माळ आहे, तिथे मी वनरक्षक होतो. जंगल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे झाडी येते. इथे गुडघाभर गवत, अधूनमधून बाभळी आणि काळविटांचे कळप. आता रविवारी गाड्यांची रांग लागते. पायवाट आखली आहे, मनोरा आहे, तंबूत मुक्कामाची सोय आहे. माणसं दुर्बिणीतून काळवीट बघतात, बाभळीखाली डबे उघडतात. निवृत्त झालो तरी माझं सकाळचं फिरणं तिकडेच.

मागच्या हिवाळ्यात पाहुण्यांना फिरवण्यासाठी आसपासचेच वाटाडे नेमायचं ठरलं. वनपाल मॅडमनी मला चहाला बोलावलं आणि एक अर्ज पुढे सरकवला. माळाच्या कडेला धनगरांची वस्ती आहे, तिथल्या एका म्हाताऱ्याच्या मुलाचा. मुलगा म्हणजे चाळिशीचा माणूस.

"काका, याला माळ पाठ आहे म्हणतात. पण गावची वन समिती नको म्हणतेय. याच्या वडिलांनी कुरण पेटवलं होतं ना?"

"तसा पंचनामा आहे."

"सही तुमचीच आहे त्यावर."

"हो," म्हणालो, चहा संपवला आणि घरी आलो. त्या दिवशीही खरं सांगितलं नाही, हेही लिहून ठेवतो.

झालं होतं ते असं. उन्हाळ्याआधी कुरणात जाळरेषा काढतात. गवताचा रुंद पट्टा आपणच जाळून मोकळा करायचा, म्हणजे पुढे वणवा लागला तर तो तिथे अडतो. हे काम पहाटे करायचं, गवतावर दव असताना, वारा पडलेला असताना. वणवा लागला त्या दिवशी सकाळी साहेबांचे पाहुणे काळवीट बघायला आले. तेव्हा मनोरा नव्हता, कळप कुठे आहे ते मीच दाखवायचो. मग शेजारच्या रानात हुरडा झाला, मलाही आग्रहाने बसवलं. उठलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खरं तर घरी जायला हवं होतं. पण तो पट्टा जाळून झाला असं मी कामाच्या वहीत आदल्या दिवशीच लिहून टाकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तपासणी होती. दोन मजूर घेतले आणि भर दुपारी काडी लावली.

वारा फिरला. आग पट्ट्याबाहेर गेली. आम्ही लिंबाचे डहाळे मारत होतो, त्यांची पानं झडून नुसत्या काड्या हातात राहिल्या. तेवढ्यात तो धनगर मेंढरं सोडून पळत आला आणि अंगावरची घोंगडी काढून ज्वाळांवर हाणू लागला. लोकर धुमसते, भडकत नाही. ओढ्याच्या काठाशी आग थांबली ती त्याच्यामुळे. तोवर निम्मं कुरण गेलं होतं.

पंचनाम्यात कारणाचा रकाना असतो. 'मेंढपाळाने टाकलेली विडी' हे कारण आमच्या हाताला इतकं सवयीचं होतं की लिहिताना पेन अडलं नाही. पुरावा म्हणून त्याची जळकी घोंगडी दाखवली. मजुरांनी पंच म्हणून अंगठे दिले, त्यांना माझ्याकडेच काम करायचं होतं. तो माणूस विडी ओढत नव्हता. तंबाखू खायचा. अख्ख्या वस्तीला ते ठाऊक होतं, मलाही. कुरणातून ओढ्याकडे जायची त्याची वाट खात्याने बंद केली. मेंढरांना माळाला वळसा घालून पाण्यावर न्यावं लागे. दोन उन्हाळ्यांत त्याने निम्मी मेंढरं विकली.

अर्ज पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेलो. म्हातारा बाजेवर बसला होता.

"या गार्डसाहेब. वाट चुकला व्हय?"

"त्या पंचनाम्याचं बोलायचंय. चूक माझी होती."

"मला ठाव हाय की. दुपारच्याला जाळरेषा पेटवली, हे माझ्या मेंढरास्नी बी ठाव हुतं." आत सून हसली. "येवढी विडी माझ्या नावावर केली, एक वडायला तरी द्यायची हुती."

"मी मॅडमना सांगतो."

"तोंडी नगं. माझ्यावरचं लिवलेलं हाय, तवा उतरवायचं बी लिवूनच. आन् समितीम्होरं वाचायचं."

"तुम्ही या ऐकायला."

"मी कशाला? ज्यास्नी ठाव न्हाय त्यास्नी ऐकवा."

मी दोन पानं लिहिली आणि समितीपुढे वाचली. संपल्यावर एका सदस्याने विचारलं, "इतकी वर्षं कुटं हुता, काका?"

"इथेच होतो," म्हणालो.

मॅडमनी कागद जुन्या फाइलीत लावला. मुलाची नेमणूक झाली. तो पाहुण्यांना ओढ्यापाशी थांबवतो आणि वडिलांनी इथे वणवा कसा अडवला ते सांगतो. परवा मी त्या घोळक्यामागे उभा होतो. एका बाईंनी विचारलं, आग कोणी लावली होती? तो म्हणाला, "हितल्याच एकानं."

लोक पुढे गेल्यावर मी त्याला म्हणालो, "माझं नाव घेतलंस तरी चालेल."

"घेतो की," तो म्हणाला. "तुमी नसता तवा रोजच घेतो."