करपलेला मोजायचा नाही

माझा धाकटा भाऊ बेकरीत भट्टीवर असतो. मी त्याला भट्टोबा म्हणते, कारण तो तापायला फार वेळ लावतो आणि एकदा तापला की दिवसभर निवत नाही. त्याची बायको परिचारिकेच्या शिक्षणासाठी तीन महिने दुसऱ्या गावी गेली, तेव्हा त्यांची पाच वर्षांची लेक टिकली त्याच्या गळ्यात पडली आणि ते दोघंही माझ्या. मी वरच्याच मजल्यावर राहते, शिवणकाम करते. जायचं कुठे पळून?

टिकलीच्या तोंडाचा पट्टा आमच्यापुढे अखंड चालू असे. पण दर रविवारी आईचा फोन आला की ती जी पलंगाखाली शिरायची ती शिरायचीच. बाहेर यायची ती डोळे सुजवून. मी फोनवर सांगायची, "खेळतेय गं ती." असं खोटं किती रविवार चालणार? भावजयीचा आवाज दर वेळी थोडा आणखी बसलेला असायचा.

भट्टोबाने त्यावर उपाय काढला. तीन महिन्यांची कॅलेंडरची पानं त्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर खळीने शेजारी शेजारी चिकटवली आणि शेवटी एका शनिवारभोवती लाल गोल काढला. रोज संध्याकाळी एका चौकोनावर फुली मारायची. चौकोन संपले की आई. पण त्यासाठी पोरीला मोजता तर यायला हवं. मग तो बेकरीतून उरलेले छोटे पाव आणायचा, ट्रेवर मांडतात तसे ताटात ओळीने मांडायचा आणि तिच्याकडून मोजून घ्यायचा. हात बेकरीचा, त्यामुळे नियमही बेकरीचाच: करपलेला दिसला की बाजूला काढायचा, मोजायचा नाही.

"पोरीला गणित शिकवतोयस की बेकरी?" मी विचारलं.

"आधी बेकरी कळू दे. गणित येतं मागून."

टिकली भराभर शिकली, ओळीच्या ओळी मोजायला लागली. फुल्या तीच मारायची, स्टुलावर चढून, पेन्सिलीने. भट्टोबा तेव्हा रात्रपाळीला निघायच्या गडबडीत असायचा, आणि मला चष्म्याशिवाय फुल्या काय, भिंतही धड दिसत नाही. त्यामुळे कोणी नीट पाहिलंच नाही.

लाल गोल दोन दिवसांवर आला असताना, गुरुवारी दुपारी भावजयीचा फोन आला. शुक्रवारी तिची शेवटची परीक्षा होती.

"ताई, मी उद्या सकाळच्याच गाडीने येते. पेपर राहू दे."

"अगं, वेडी का काय तू?"

"पोर मला विसरली, तर ते सर्टिफिकेट घेऊन मी काय करू?"

मी काही सांगायच्या आत तिने फोन ठेवला.

भट्टोबा संध्याकाळी उठला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा तापणार. तो टिकलीला घेऊन भिंतीपाशी गेला. "आजची फुली मार. आणि आई यायला किती चौकोन राहिले, मोज बघू."

टिकलीने पहिल्याच पानापासून सुरुवात केली. मोजता मोजता तिचा श्वास पुरेना, तरी चौकोन संपेनात. मी चष्मा लावून पुढे झाले. तिन्ही पानांवर रविवारची आख्खी ओळ कोरी होती. तिला ताप आला होता ते दिवसही कोरे. आणि एक मंगळवार. त्या दिवशी मी तिला धपाटा घातला होता.

"हे का सोडलेस गं?" भट्टोबाने विचारलं.

"ते करपलेत ना. मी रडले होते." तिने आमच्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही कसं कळत नाही यांना. "करपलेला मोजायचा नाही."

एवढीशी पोर, आणि तिच्या हिशेबात आई दर रविवारी एकेक दिवस लांब जात होती.

भट्टोबा खालीच बसला. मग त्याने बेकरीच्या पिशवीतून एक काळा पडलेला पाव काढला.

"हा भट्टीत गेला होता का?"

"हो."

"बाकीच्यांइतकाच वेळ होता आत?"

"हो."

"मग भट्टीतून काढताना आम्ही यालाही मोजतो. गिऱ्हाइकाला देताना फक्त मोजत नाही. मी तुला अर्धंच शिकवलं बघ. आणि हा खातं कोण?"

"आपण."

"मग आपल्या घरी मोजायचा."

टिकलीने तो पाव हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग स्टुलावर चढली. एकेक रविवार, तापाचे दिवस, माझा मंगळवार, सगळ्यांवर तिने दाबून फुल्या मारल्या. लाल गोलापर्यंत आली आणि थांबली.

"बाबा, एकच राहिला?"

"एकच."

तिने पुन्हा मोजलं. माझ्याकडूनही मोजून घेतलं. मग स्टुलावरून उतरून तिने आपणहून हात पुढे केला. "फोन द्या."

मी नंबर लावून दिला.

"आई, मी रडलेले दिवसपण मोजले. आता एकच चौकोन आहे. तो संपवून ये."

पलीकडून भावजयीचा आवाज आला, ओला, पण तिचा नेहमीचा.

"बरं. आणि तो करपला तर?"

"तरी मोजणार," टिकली म्हणाली.