घोंगडीखालची बोटं

सन दोन हजार आठ. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा, आई नव्वदीच्या पुढची. दुसरीतून शाळा सोडलेला माणूस मी. पण मेंढरांच्या बाजारात मला कुणी फसवून गेलं न्हाई.

आई नावं विसरायला लागली होती. पुण्याच्या धाकट्या भावानं ठरवलं, गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाई फोनवरून तिची आठवण तपासतील. बिघाड निघाला तर तो तिला पुण्याला नेणार. आमच्या मादन हिप्परग्याबाहेर आई चार दिवस काढणार न्हाई, ही मला भीती.

फोन माझ्या सुनेच्या हातात, आवाज मोठा केलेला. कुणी उत्तर सांगू नये म्हणून भावानं तिलाच राखणीला बसवलेलं.

"आजी, आज वार कोणता?"

"बाजाराचा न्हाई, एवढं कळतंय मला."

बाई हसल्या. "आता विसातून तीन काढा. उरतील त्यातून परत तीन. असं काढत जा."

 आईची नजर दाराकडं वळली. 

आमच्यात मेंढराचा भाव तोंडानं बोलत न्हाईत. घोंगडीखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात. आई माझ्या बापासंगं बरीच वर्षं बाजारात बसलेली, तिला ती खूण ठाऊक. मी घोंगडी दोघांच्या मांडीवर ओढली अन् तिची बोटं दाबली.

"सतरा," आई म्हणाली. "चौदा. अकरा."

"मामा, घोंगडी कामून घेतलाव?" सून म्हणाली.

"थंडी वाजायलीय."

"उन्हाळ्यात?"

"म्हाताऱ्याची थंडी तुला काय कळती?"

"आजींचं डोकं चांगलं आहे," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

दिवेलागणीला दुधात भाकर कुस्करून तिच्यापुढं ठेवली. आईनं हळूच विचारलं, "ते गिऱ्हाईक गेलं व्हय?"

"कुठलं?"

"बोटं दाबणारं. हात लई चांगला त्याचा. कुणाचं पोरगं म्हणावं?"

"तुझंच की गं, आई."

ती हसली, परक्याला हसतात तशी. "चेष्टा करायलाव काय, पावणं?"

 औषधानं तिचं विसरणं थांबणार असलं, तर ते औषध मीच अडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या सुनेकडून फोन लावून घेतला. "बाई, कालचे आकडे माझे होते," म्हणालो. "तिला परत विचारा." फोन आईच्या हातात दिला अन् घोंगडी उचलून बाहेर अंगणात जाऊन बसलो.