फॉर्ममधला रंगाचा चौकोन

इंजिनिअरला तांबड्या-हिरव्यातला फरक कळत नाही, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं: तो स्वतः आणि त्याची ताई. लहानपणी त्याने झाडाची पानं तपकिरी रंगवली तेव्हा अख्खा वर्ग खो खो हसला होता. तेव्हापासून ताई त्याच्या खडूंवर रंगांची नावं लिहून द्यायची. पुढे शर्ट घेताना 'तुम्हीच काढा चांगलासा' म्हणायचं, टोमॅटो दाबून निवडायचे, असं करत गड्याने निभावून नेलं. बायकोला वाटायचं, नवऱ्याला कपड्यांची हौस नाही.

आणि असा माणूस नोकरीला चिकटला तो नेमका रंगाच्या कारखान्यात. अर्थात, कॉम्प्युटरवर. ऑर्डर घ्यायचा जुना प्रोग्राम तो सांभाळायचा. राखाडी पडद्यावर एकाखाली एक रकाने: गिऱ्हाइकाचं नाव, शेडचा कोड, किती डबे. सगळी अक्षरं आणि आकडे, त्यामुळे स्वारी निवांत होती.

मग मालकांच्या डोक्यात आलं. "गिऱ्हाईक समोर बसतं आणि आपण त्याला आकडे दाखवतो. कोड टाकला की शेजारी रंग दिसला पाहिजे."

त्या जुन्या फॉर्मला चित्र काढता येत नव्हतं. इंजिनिअरने वेगळा छोटा प्रोग्राम लिहिला आणि बांधलेल्या भिंतीत खिडकी बसवावी तसा तो रकान्यांच्या मधे बसवला. फॉर्मने शेडचे तीन आकडे द्यायचे, तांबडा किती, हिरवा किती, निळा किती, आणि त्या चौकोनाने तसा रंग भरायचा. फॉर्म आणि चौकोन एकमेकांशी बोलेनात, त्यात त्याचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी चौकोन भरला. फक्त पहिल्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती, आणि त्याच्या डोळ्यांना सगळं ठीक दिसत होतं. कुणालाही बोलावून 'रंग बरोबर आहेत का?' एवढं विचारलं असतं तर भागलं असतं. पण तेच तर त्याने जन्मभर टाळलं होतं.

पांढरा, क्रीम, राखाडी यांत ते दोन आकडे जवळजवळ सारखेच असतात. मालकांनी क्रीम बघितला आणि पाठ थोपटली. छापील शेडकार्डं रद्दीत गेली.

काही आठवड्यांनी एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर बघून फिकट हिरवा पसंत केला आणि भिंती झाल्या तपकिरी. त्या डब्याचं रंग लागलेलं झाकण घेऊन आल्या. मालकांनी कोड टाकला, चौकोन हिरवा. मग चूक कुणाची? मिक्सिंगवाल्या काकांची. काकांचं केस पिकेपर्यंतचं आयुष्य रंग मिसळायच्या खोलीत गेलं होतं.

"काका, वय झालं. डोळे तपासून घ्या. तोवर मिक्सिंगला दुसऱ्या कुणाला बसवतो."

काकांनी त्याच कोडाचा रंग मापं नीट धरून पुन्हा बनवला, झाकणाला लावला आणि जिन्यात इंजिनिअरला गाठलं.

"साहेब, कोड हिरव्याचा आहे म्हणतात. मी अगदी मापाने केलाय. पण मला हा तपकिरी दिसतो. तुम्हाला काय दिसतं?"

साऱ्या कारखान्यात हा प्रश्न ज्याला विचारू नये, असा एकच माणूस होता. इंजिनिअरने झाकण हातात घेतलं, मान तिरकी करून बघितलं. स्क्रीनवर हिरवा होता, म्हणजे हा हिरवाच असणार.

"हिरवाच आहे, काका."

काकांचा चेहरा पडला. "मग डोळेच गेले माझे," म्हणाले, आणि झाकण त्याच्याच हातात ठेवून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर घेणाऱ्या मुलीने त्याच्या टेबलावरचं झाकण पाहिलं. "हाच का तो तपकिरी?"

इंजिनिअरने प्रोग्राम उघडला, अदलाबदल सापडली, दुरुस्तही झाली. कुणाला पत्ता लागला नसता. पण तो ते झाकण उचलून मालकांकडे गेला. चूक सांगितली, चुकीमागचं कारणही सांगितलं.

मालक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "रंगाच्या कारखान्यात?" त्याला ते हसू ओळखीचं होतं. ते त्याने सोसलं. काकांना बोलावलं तेव्हा मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका हसले नाहीत. "म्हणजे तुम्हाला कळत नव्हतं, तरी हिरवा म्हणालात?"

"हो."

"'मला कळत नाही' म्हणायचं होतं की. काल घरी नातीचा फ्रॉक घेऊन बसलो होतो. तिला सारखं विचारत होतो, हा कोणता, हा कोणता. पोर रडायला लागली."

काका पुन्हा मिक्सिंगला बसले. चौकोन आता बरोबर रंग दाखवतो. पण ज्या काकांनी इतक्या वर्षांत कुणाला काही विचारलं नव्हतं, ते आता डबा बंद करण्याआधी झाकण घेऊन फिरतात. हमालाला विचारतात, ड्रायव्हरला विचारतात, ऑर्डरवाल्या मुलीला विचारतात, "हा कोणता दिसतो तुम्हाला?" तिच्याकडे जायची वाट इंजिनिअरच्या टेबलावरून आहे. तिथे आले की काका झाकण पलीकडच्या हातात घेतात आणि त्याला न विचारता पुढे जातात.