विंगेतला चांगू

मी नटी होते म्हणजे नक्की काय होते, ते आधी सांगते. मोठ्या नाट्यगृहांच्या जाहिरातीत माझं नाव कधी आलं नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर देवीच्या जत्रेला गावकरी नाटक बसवत. पुरुषांची कामं गावातलेच करत आणि बाईच्या कामाला बाहेरून नटी आणत. ती बाहेरून आणलेली नटी मी. घरचं नाव मैना, नाटकाच्या पत्रिकेवरचं अनुपमा. पत्र्याच्या पेटीत साड्या, गंगावन आणि रंगाचा डबा घेऊन मी संध्याकाळच्या एस.टी.ने चढणीवरच्या कुठल्यातरी गावात उतरायची. ज्यांची तोंडं पूर्वी पाहिली नाहीत अशा पुरुषांची बायको, आई नाहीतर बहीण व्हायची आणि सकाळच्या गाडीने महाडला परतायची. तालीम एखादीच, तीही कुणाच्या तरी अंगणात.

अशा नटीचा जीव नायकाच्या हातात नसतो. विंगेत पुस्तक धरून बसलेल्या माणसाच्या हातात असतो.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा माझी आई महाडला तापाने फणफणलेली होती. तिला शेजारणीवर सोपवून मी आले होते. तोंडाला रंग लावला, पण डोक्यात एकही वाक्य राहीना. पडद्याच्या कडेला उंच, किडकिडीत असा एक माणूस बसला होता. त्याने विजेरीच्या काचेवर लाल फडकं बांधलं होतं, उजेड बाहेर सांडू नये म्हणून. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, “बाय, तू नुसती उभी रहा. शब्दांचं मी बघतो.”

तो चांगू.

त्या रात्री त्याने माझ्याकडून सगळं अक्षरशः वदवून घेतलं. वाक्य अडलं की शब्द फेकणारे पुष्कळ असतात. चांगू अडू द्यायचा नाही. माझा श्वास आत गेला की बाहेर येण्याआधी पहिले दोन शब्द माझ्या कानाशी हजर. आणि प्रवेश संपवून विंगेत आलं की प्रत्येकाला, राजाला आणि भालदाराला सारखाच, एक शब्द: “झकास.” काम कितीही वाईट झालं असलं तरी. मी एकदा त्याला विचारलं होतं, अरे, सगळ्यांनाच कसं झकास? तर म्हणाला, त्याला परत जायचं असतं ना बाहेर, पुढल्या प्रवेशाला.

मोठमोठ्यांच्या तोंडून स्तुती ऐकायची मला फार हौस होती. ती फारशी ऐकायला मिळाली नाही. पण त्या एका शब्दावर मी कितीतरी जत्रा काढल्या.

त्या वाडीत एक रीत होती. नाटकाआधी रंगमंचावर जो नारळ फोडायचा, तो गावच्या पाटलाने नाही, पुढाऱ्याने नाही, विंगेत बसणाऱ्याने फोडायचा. सगळ्यांचे शब्द त्याच्याकडे असतात म्हणून. चांगूला वर्षभरात दुसरा कसलाही मान नव्हता. तो त्या नारळाचा धनी.

मान नव्हता, कारण तो मुंबईला टिकला नव्हता. वाडीतल्या प्रत्येक घरातला पुरुष मुंबईला. लालबागला गावकीची एक खोली होती, तिथे सगळे ओळीने झोपत. चांगूलाही तिथे धाडलं होतं, कपडे रंगवायच्या कारखान्यात. त्याला जेवण जाईना. दुखणं काही नाही, पण अंग वाळत चाललं. रविवारी बाकीचे सिनेमाला जात, हा एस.टी.च्या आगारात जाऊन पोलादपूरच्या गाडीची पाटी वाचून परत यायचा. नुसती पाटी. एका रविवारी पाटी वाचली आणि तो गाडीत बसला. अंगावरच्या कपड्यांवर घरी आला. मग भात, नाचणी आणि गुरं यांत आयुष्य गेलं. त्याची बायको रखमा हसतहसत सांगायची, “मुंबईनं टाकला, म्हणून माझ्या पदरात पडला गो. नायतर हा माणूस माझ्या वाट्याला यायचा नव्हता.” गावात मात्र लोक हसत नसत. मुंबईला न टिकलेला हा शब्द त्याच्या नावाला चिकटून राहिला. जत्रेच्या रात्री तेवढा तो सुटायचा.

मंगेश हा त्याचा पुतण्या. बाप लवकर गेला, चांगूनेच वाढवला. देखणा पोरगा, आवाजही खणखणीत, पण माणसं समोर आली की जीभ टाळूला. पहिल्या नाटकात त्याला थोरल्या भावाचं काम दिलं होतं आणि मी त्याची भावजय. वाटणीच्या प्रवेशात एक लांब भाषण होतं, “आंगण तू ठेव, पण उंबरा मला दे,” असं सुरू होणारं. मंगेश सुरू झाला आणि थांबला. प्रेक्षकांत खसखस पिकली. त्याने मान वळवून विंगेकडे पाहिलं, आणि चांगूने त्याला ते सबंध भाषण शब्दाशब्दाने भरवलं, पाखरू पिल्लाला भरवतं तसं. संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर चांगूने गावभर सांगितलं की माझंच पान उलटलं होतं, पोराचा दोष नाही.

पुढे मंगेश वाडीचा हुकमी नट झाला. पण त्या भाषणाला तो दरवेळी विंगेकडे बघायचाच. पाठ असलं तरी.

माझं काम वयाने सुटलं. एकवीसच्या पुरात माझ्या महाडच्या खोलीत पाणी शिरलं आणि पेटी गेली. साड्यांचं फार वाटलं नाही. गंगावनाचं वाटलं. चांगू कधी बाजाराला महाडला उतरला की नाचणीचं पीठ घेऊन यायचा, चहा प्यायचा, जुन्या नाटकांतल्या गमती निघायच्या. गेल्या हिवाळ्यात आला तो नवाच माणूस होऊन. वाडीचं नाटक मधे काही वर्षं बंद पडलं होतं, ते मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाने पुन्हा धरलं होतं. मंगेशही आता मुंबईला, मंडळाचा सेक्रेटरी. नाटक तेच, दोघा भावांचं. चांगू म्हणाला, मंगेश रोज संध्याकाळी फोन करतो. घरात रेंज नाही म्हणून चांगू मागच्या माळावर चढतो आणि तिथे उभा राहून पुस्तक वाचून दाखवतो. पलीकडे सगळी पोरं ऐकत बसतात. कुठे थांबायचं, कुठे लोक हसतील, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं विचारतात. “मला वाटलं व्हतं, आता कोणाला नको आपण,” तो म्हणाला. “पण पोरांना नड हाय, बाय.”

जाताना त्याने माझ्याकडून विजेरीसाठी लाल फडकं मागून घेतलं. मी जुन्या साडीचा पदर फाडून दिला.

मग मंगेशचा मला फोन आला. ताई, तुम्ही पाहुण्या म्हणून या, तुमचा सत्कार करायचा आहे. मला गाडी पाठवली. खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. जरीची साडी नेसले, गजरा माळला. कित्येक वर्षांनी कुणीतरी मला नटी म्हणून बोलावत होतं.

पूर्वी नाटक उभं राहायचं जेवणं उरकल्यावर, आणि संपायचं तेव्हा कोंबडे आरवत असायचे. आता दिवेलागणीलाच सुरू. मुंबईकरांना त्याच रात्री परत जायचं होतं, दुसऱ्या दिवशी कामं होती. मैदानाच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर उभे होते. चांगू पांढरा सदरा घालून, बगलेत पुस्तक आणि खिशात विजेरी घेऊन आला होता. मंगेशने त्याला माझ्या शेजारी पुढच्या रांगेत बसवलं. सत्कार आहे, ताईंबरोबर बसा. आधी मला शाल, मग चांगूला शाल आणि श्रीफळ. मंगेश माईकवर काकांबद्दल फार चांगलं बोलला. चांगू खाली मान घालून ऐकत होता, कानाची पाळी लाल झाली होती.

सत्कार झाला, आणि मंगेशने स्वतःच रंगमंचावर जाऊन नारळ फोडला.

मला वाटलं, घाईत चुकलं असेल. चांगूलाही तेच वाटलं असावं. तो शाल माझ्या मांडीवर ठेवून उठला, पुस्तक घेतलं, विंगेकडे निघाला. मंगेश लगबगीने खाली आला. त्याने त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं.

“बसा काका. आज तुम्ही नुसतं बघायचं.”

“आणि पुस्तक कोण धरील रे?”

“लागत नाय आता. सगळं सेट हाय.”

पडदा उघडला. स्पीकरमधून आवाज आला, मंगेशचाच, पण मोठा, गुळगुळीत, कुठेच न अडणारा. मुंबईतल्या एका स्टुडिओत सगळं नाटक आधीच ध्वनिमुद्रित केलेलं होतं. पोरं स्टेजवर नुसते ओठ हलवत होती, हात करत होती. विंग रिकामी होती. तिथे एक प्लास्टिकची खुर्ची उलटी टाकलेली दिसत होती.

पहिल्यांदा मला राग आला तो आवाजाचा. मग हळूहळू कळत गेलं. प्रत्येक विराम चांगूचा होता. लोक हसतील म्हणून त्याने माळावर उभं राहून जिथे थांबायला सांगितलं होतं, बरोबर तिथे तो आवाज थांबत होता, आणि लोक हसत होते. माझ्या शेजारी चांगू प्रत्येक वाक्याआधी श्वास घेत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी त्याच्या हातावर हात ठेवला, तर त्याने तो अलगद काढून घेतला. मांडीवरचं पुस्तक त्याने उघडलंच नाही.

मग वाटणीचा प्रवेश आला. “आंगण तू ठेव,” स्पीकर गरजला, आणि मंगेशने सवयीने विंगेकडे मान वळवली. तिथे ती उलटी खुर्ची. मंगेशचे ओठ थांबले. तो तसाच बघत राहिला, आणि त्याचा आवाज त्याच्याशिवाय पुढे बोलत राहिला, उंबऱ्याबद्दल, आईबद्दल, रडलासुद्धा. मंगेश पुन्हा ओठ जुळवेपर्यंत भाषण निम्मं होऊन गेलं होतं. मैदानात कुणाच्याही लक्षात आलं नाही. भाषण संपल्यावर कडकडून टाळ्या पडल्या.

चांगूने टाळी वाजवली नाही.

प्रयोग संपला तेव्हा मंगेश आधी मला भेटला. मी त्याला सरळ विचारलं. तो वाईट मुलगा नाही, हे मी आजही म्हणेन. म्हणाला, ताई, तालमीला माणसं जमत नाहीत. कुणी रात्रपाळीला, कुणी डिलिव्हरीला, एकाला सुट्टी तर दुसऱ्याला नाही. रेकॉर्डिंगला एकेकटा येऊन आवाज देऊन जातो, टेन्शन नाही. काकांना सांगणारच होतो, रोज फोन लावला की सांगू म्हणायचो, पण ते इतक्या उमेदीने वाचायचे की तोंड उघडेना. म्हटलं, मान देऊ मोठा, मग समजून घेतील. मग अगदी भाबडेपणाने म्हणाला, “आणि तुम्ही येणार म्हटल्यावर काका पुढं बसायला लगेच तयार झाले. नायतर ते विंगेतनं हलले नसते.”

म्हणजे माझा सत्कार यासाठी होता. अंगावरची ती शाल मला एकदम जड झाली. एवढ्या नाटकांत कामं केली, पण आपल्याला कुठली भूमिका दिली आहे हे नाटक संपल्यावर कळलं, असं पहिल्यांदाच झालं.

मंगेश काकांपुढे जाऊन उभा राहिला. तोंडावरचा रंग तसाच, घामाने ओघळलेला. मागे त्याचे सोबती उभे होते. सगळ्यांना माहीत होतं काय ऐकायचंय ते.

“कसं झालं, काका?”

चांगूने मंगेशच्या सदऱ्याची गुंडी लावली. “जेवून जा.”

“गाडी थांबलीय. सांगा ना, कसं झालं?”

“आवाज लांबवर गेला,” चांगू म्हणाला. “रखमानं वडे केलेत. जेवून जा.”

खालून हॉर्न वाजला. मंगेश तरीही उभा होता. विंगेत येऊन उभा राहायचा, अगदी तसा. पुन्हा हॉर्न वाजला. वडे डब्यात भरून द्या म्हणाला आणि पाया पडून गेला. चांगूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो शब्द दिला नाही.

मी त्यांच्या घरीच राहिले. रखमा एकटीच बोलत होती, भांडी आपटत होती. पुतण्याला चार शिव्या घालून झाल्या, मग नवऱ्याला, मग स्पीकरला. चांगू पडवीत बसून विजेरीवरचं लाल फडकं सोडत होता. गाठ फार घट्ट मारली होती. ते त्याने नीट घडी करून माझ्यापुढे ठेवलं.

“तुझ्या साडीचं हाय. ने.”

मी म्हटलं, राहू दे, पुढल्या वर्षी लागेल. त्याने घडी माझ्याकडे आणखी सरकवली. नंतर मला म्हणाला, “बाय, मी कधी पुढं बसलो नव्हतो. पुढनं कायच दिसत नाय गो.”

सकाळी तो मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून नाव वाचलं आणि वाजू दिला. माळ मागे राहिला होता, तरी तिथे रेंज होती. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. माझ्या मनात आलं की म्हणावं, उचल, पोरगं आहे. पण तेही दुसऱ्याने पढवलेलं वाक्य वाटलं असतं.

गाडी आली. दरवाजाची पायरी उंच आणि माझे गुडघे आता कशालाच जुमानत नाहीत. मी दांडा धरला आणि अडखळले. कंडक्टर चला चला करत होता. मी श्वास आत घेतला, तेवढ्यात मागून, अगदी कानाशी, हळू आवाज आला.

“डावा पाय आधी, बाय. हां. आता दांडा वर धर.”

मी चढले. वळून पाहिलं तर तो खाली उभा होता, बगलेत पुस्तक तसंच.

“झकास,” तो म्हणाला, आणि दार लागलं.