थोरलीचा बत्तीस बिटांचा खण

दोघी सख्ख्या जावा. घर एक, ऑफिसही एकच. थोरलीनेच धाकटीला तिथे चिकटवलं होतं आणि ते उपकार ती दर चार दिवसांनी बोलून दाखवायची. धाकटी एरवी फटकळ, पण थोरलीपुढे ऐकून घ्यायची.

एका हॉस्पिटलचे एक्स-रे साठवायचं काम त्यांच्याकडे होतं. डिस्क भरत आली म्हणून धाकटीने नवी जागा जोडली आणि फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, नव्या जागेपर्यंत वाढवायचा प्रोग्राम चालवला. तो बारा वर्षांपूर्वी थोरलीने लिहिलेला. सतरा टेराबाइट व्हायला हवे होते, झाला एक. बहुतेक एक्स-रे दिसेनासे झाले.

साहेबांनी विचारलं तेव्हा थोरली शांतपणे म्हणाली, "हिने कमांड चुकीची दिली असेल. घाई हिच्या अंगातच आहे. घरीही तेच."

आधीच काढून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीवरून एक्स-रे परत आले. 'घरीही तेच' मात्र धाकटीला झोंबत राहिलं. ती प्रोग्राम उघडून बसली.

दुसऱ्या दिवशी सापडलं. डिस्कच्या तुकड्यांचा आकडा ठेवायला थोरलीने बत्तीस बिटांचा खण दिला होता. सोळा टेराबाइटच्या पुढे आकडा त्यात मावेना. जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा तो पुन्हा शून्यावरून सुरू व्हायचा. धाकटीने खण दुप्पट केला, चालवून पाहिलं. तरी एकच.

"झालं समाधान?" थोरली पाठीमागून म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं."

दातओठ खात धाकटीने ओळ न् ओळ वाचली. खण मोठा झाला होता, पण त्यात पडणारा गुणाकार अजून बत्तीस बिटांतच होत होता. तिथेच छाटला जाऊन मग मोठ्या खणात यायचा. तिने तोही दुरुस्त केला.

दुपारी साहेबांसमोर तिने चाचणीपुरती सतरा टेराबाइटची खोटी डिस्क बनवली. जुना प्रोग्राम चालवला, एक. नवा चालवला, सतरा.

"मी लिहिलं तेव्हा एवढ्या डिस्क होत्या कुठे?" थोरली म्हणाली.

"नव्हत्या, वहिनी. तेवढंच सांगायचं होतंत. माझ्यावर कशाला ढकललंत?"

"चारचौघांत माझी लाज काढायची हौस होती तुला."

"आधी माझी कुणी काढली?"

"घरचं घरी," साहेब म्हणाले. प्रोग्राम थोरलीच्या नावावर, त्यामुळे दुरुस्तीला मंजुरीही तिलाच द्यावी लागली. ती तिने धाकटीकडे न बघता दिली.

महिन्याभरात धाकटीने दुसरी नोकरी धरली. घर मात्र तेच आहे. एका ओट्यापाशी उभ्या राहून दोघी सासूबाईंमार्फत बोलतात.

"तिला सांगा, गॅस बारीक कर."

सासूबाई निरोप पोचवतात. भांडण कशावरून, ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.